चेंबरमधली वात

माझ्या मुलीकडे स्टीलचं एक ताट आहे. त्याच्या पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे, निम्मा उडालेला. पत्नी गेल्यावर घरातली भांडी मुलीकडे गेली, त्यांत हेही गेलं. मागच्या महिन्यात पत्नीचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर भांडी पुसता पुसता नातीने ते ताट उलटं धरलं आणि हा ठिपका कशाचा म्हणून विचारलं.

मुलगी हसली. म्हणाली, ते आजीचं मशीनच्या वातींचं ताट. मग तिने सगळ्यांना गोष्ट सांगितली. आजोबांच्या कंपनीत एक मशीन होतं, त्याला वात लागायची. आजी ती घरी करून द्यायची. एकदा तिचा तुपाचा हात वातीला लागला आणि आजोबांच्या कंपनीचे सगळे वजनकाटे बिघडले. कोकणात कोळणींच्या समोर रिकामे काटे आपोआप नाचायला लागले. मुलीने हाताने काटा नाचवून दाखवला. पाहुणे हसले. श्राद्धाच्या दिवशी तसं हसू येतं, सगळे जरा मोकळे झाले. मीही हसलो.

ही गोष्ट मुलीला मीच सांगितलेली आहे. ती खोटी आहे. पत्नीच्या हाताला तूप नव्हतं. हे मला तेव्हापासून माहीत आहे, आणि तिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. गोष्ट आता नातवंडांपर्यंत पोचली. माझं वय झालंय, माझ्यानंतर ती दुरुस्त करणारं कुणी नाही. म्हणून जे झालं ते लिहितो.

आमची कंपनी भांडुपला होती. इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर शेजारशेजारचे दोन गाळे. आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचो, किराणावाल्यांसाठी आणि मासळीबाजारासाठी. मी क्वालिटीचा प्रमुख. प्रमुख म्हटलं तरी माझ्या हाताखाली फारसं कुणी नव्हतं. एक तरुण इंजिनियर मुलगी होती, हुशार आणि तोंडाने फटकळ. मालक स्वतः रोज गाळ्यात यायचे आणि पॅकिंगपासून फोनपर्यंत सगळ्यात लक्ष घालायचे.

काट्याचा मुख्य शत्रू दमटपणा. आतल्या सेन्सरला ओल लागली की आकडा हलायला लागतो. माल बाजारात पाठवण्याआधी त्याला मुद्दाम उष्ण, दमट हवेत काही दिवस ठेवायचं आणि टिकतो का बघायचं, असा नियम आम्ही करायचं ठरवलं. त्यासाठी एक चेंबर घ्यायचं होतं. चेंबर म्हणजे दिसायला मोठं लोखंडी कपाट. आत पंखा, हीटर, वाफ करणारं पाण्याचं भांडं. बाहेरच्या पॅनेलवर हवेचं तापमान आणि दमटपणा ठरवून द्यायचा, आत तशी हवा तयार होते. मालक त्याला शेवटपर्यंत कपाटच म्हणत.

चेंबर निवडायचं काम माझ्याकडे आलं. विक्रेते येऊन गेले, कॅटलॉग टेबलावर पडले. तापमान कुठून कुठपर्यंत हवं, दमटपणा किती, पाणी कसलं घालायचं, दाराचं रबर किती टिकतं, दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हे सगळं आम्ही नीट पाहिलं. शेवटी दोन चेंबर उरली. एक मोठं, एक त्याच्या निम्म्याहून लहान. इंजिनियर मुलीचं म्हणणं स्पष्ट होतं. चेंबर कधी ठासून भरायचं नसतं, आत हवा फिरायला जागा लागते, माल फार तर एक तृतीयांश जागेत ठेवायचा. आमचे काटे आकाराने मोठे. तेव्हा मोठंच घ्यायला हवं.

मोठं चेंबर इस्टेटच्या मालवाहू लिफ्टमध्ये जात नव्हतं. मी बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप खिशात घालून नेली आणि लिफ्टचं दार मोजलं. चेंबर थोडक्यासाठी अडत होतं. ते वर चढवायचं तर खिडकीचं ग्रिल कापून क्रेन लावावी लागणार होती, आणि त्यासाठी इस्टेटच्या सेक्रेटरीची परवानगी. सेक्रेटरीशी माझं आधीच्या उन्हाळ्यात भांडण झालं होतं. पाण्याच्या टँकरचा पाइप आधी कुणाच्या टाकीत सोडायचा, यावरून. मी त्याला चारचौघांत वाट्टेल ते बोललो होतो. आता त्याच्या केबिनमध्ये जाऊन क्रेनची परवानगी मागायची, आणि तो खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे बघणार, हे मला नको होतं.

मालकांना मी हे सांगितलं नाही. लहान चेंबरमध्ये हवा लवकर तापते, वीज कमी लागते, आपल्या मालाला ते पुरेसं आहे, असं सांगितलं. त्यात धडधडीत खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते पटलं. इंजिनियर मुलगी म्हणाली, "सर, लिफ्टमध्ये मावतं म्हणून घेतोय ना आपण?" मी म्हटलं, तू आधी दोन-चार चेंबर वापरून बघ, मग मला शिकव.

लहान चेंबर लिफ्टमधून अलगद वर आलं. आम्ही पेढे वाटले.

आता वातीचं सांगतो. हवेतला दमटपणा मोजायची जुनी पद्धत सोपी आहे. दोन थर्मामीटर शेजारी ठेवायचे. एक कोरडा. दुसऱ्याला कापडाची ओली वात गुंडाळायची, तिचं टोक पाण्यात सोडायचं. वारा लागला की वातीतलं पाणी उडतं आणि तो थर्मामीटर थंड पडतो. हवा जितकी कोरडी तितका जास्त थंड. दोघांमधल्या फरकावरून मशीन दमटपणा ओळखतं आणि हवी तेवढी वाफ सोडतं. इलेक्ट्रॉनिक सेन्सरचं चेंबरही मिळत होतं, पण भरपूर दमट हवेत तो सेन्सर लवकर बिघडतो असं मी ऐकलं होतं. वातीचं काय, ती बदलली की झालं. ही निवड माझीच, आणि ती चुकीची नव्हती, असं मला अजूनही वाटतं.

फक्त वाती फार लागायच्या. मशीनला शुद्ध केलेलं पाणी घालायचं असतं. आमच्याकडे ते संपलं की कुणीतरी टँकरचंच ओतायचं. वातीवर पांढरे क्षार चढायचे आणि ती पुठ्ठ्यासारखी कडक व्हायची. चेंबर बनवणाऱ्या कंपनीकडून नवीन वाती मागवल्या तर यायला फार वेळ लागायचा. एका संध्याकाळी मी तसली कडक झालेली वात खिशातून घरी आणली आणि बायकोला दाखवली. ती मालवणकडची. देवघरातल्या वाती कधी विकत आणल्या नाहीत तिने. श्रावणात बिल्डिंगमधल्या बायका तिच्याकडून वाती मागून न्यायच्या, तिच्या वाती सारख्या जाडीच्या, शेवटपर्यंत एका लयीत जळायच्या म्हणून.

तिने ती वात चुरगळून पाहिली. म्हणाली, "मलमल आसा ही. तुमच्या जुन्या धोतराची होईल."

मी तिला बजावलं की हिला तेला-तुपाचा हात अजिबात लागता कामा नये. तूप लागलं तर वात पाणी ओढणार नाही आणि मशीन फसेल. देवाच्या वाती वळताना ती बोटांना किंचित दूध लावायची, तेही नको. तिने सगळं ऐकून घेतलं. मलमल सोड्यात उकळून खळ काढली, दोन पाण्यांत धुतली. मशीनच्या वातींसाठी एक ताट वेगळं काढलं आणि चुकून कुणी त्यात जेवायला वाढू नये म्हणून मुलीच्या नेलपॉलिशचा ठिपका त्याच्या पाठीवर लावला. वाती करायला बसायच्या आधी ती हात साबणाने कोपरापर्यंत धुवायची. मुलगी चिडवायची, आई ऑपरेशनला चालली.

तिच्या वाती मशीनमध्ये उत्तम चालल्या. मी कंपनीत सांगायचो, आमचं कपाट माझ्या बायकोच्या हातावर चालतं. घरी येऊन तिला सांगायचो, आज तुझी वात बदलली. त्या दिवशी आमटीला खोबरं जास्त पडायचं.

पुढे मागणी वाढली. काटे जास्त, चेंबर लहान. मी जाळ्यांचे कप्पे वाढवून घेतले. आधी दोन थरांत काटे ठेवायचो, मग तीन, मग दाराला टेकतील इतके. इंजिनियर मुलीने दोनदा टोकलं. मग तिने टोकणं सोडलं. माल पास होत होता. चेंबरच्या पॅनेलवर आकडा बरोबर दिसत होता.

त्या वर्षी जुलैत कोकणातून तक्रारी यायला लागल्या. काट्यावर काही नसताना आकडा हलतो. मासळीबाजारातल्या एका बाईने आमच्या डीलरला भर बाजारात विचारलं म्हणे, काटो दिलास की भूत? काटे परत येऊ लागले. गाळ्याच्या दारात खोक्यांची रांग लागली. मालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं की आपण एवढं महागाचं कपाट आणलं, त्यात घालून काढलेला माल असा कसा निघाला?

इंजिनियर मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं मी सांगीन. चेंबर लहान पडतंय, आपण ते ठासून भरतोय, हे माझ्या जिभेवर आलंही होतं. पण त्यापुढचा प्रश्न मला दिसत होता. लहान कुणी घेतलं? का घेतलं? मी म्हणालो, "वात घरची आहे. तुपाचा हात लागला असेल."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. पण बोलल्यावर केबिनमधली हवा बदलली हे मला कळलं. मालक हसायलाच लागले. इतके दिवस डोक्याला ताप आणि शेवटी कारण काय तर वहिनींचं तूप. कुणावर कारवाई नको, नवीन मशीन नको. कंपनीच्या वाती मागवा, घरच्या बंद करा. सगळे सुटले. बाहेर आल्यावर इंजिनियर मुलगी हळूच म्हणाली, "सर, वात तर ठीक होती." मी म्हटलं, बघू.

आणि मी खरंच बघितलं. पुढच्या रविवारी गाळ्यात एकटा गेलो. चेंबर रिकामं करून त्यात बायकोची वात लावली, आत दुसरं एक दमटपणा मोजायचं साधन ठेवलं. आकडे जुळले. मग कंपनीची कोरी वात लावली. तेही जुळले. मग चेंबर नेहमीसारखं काट्यांनी गच्च भरलं. कोरी वात असूनही पॅनेल एक सांगत होतं आणि आतली हवा त्याहून बरीच कोरडी होती. काट्यांनी पंख्याचा वारा अडवला होता. वातीला वारा लागत नव्हता म्हणून ती थंड होत नव्हती, आणि मशीनला वाटत होतं की आत भरपूर दमट आहे, वाफ पुरे. मधल्या थरातल्या काट्यांची परीक्षा धड झालीच नव्हती. त्यांना आम्ही तसेच पास करून कोकणात पाठवले होते.

मी सगळे काटे बाहेर काढले, चेंबर पुसलं, दार लावलं आणि घरी गेलो. बायकोने जेवायला वाढलं. काही सापडलं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काम चालू आहे.

सोमवारपासून मी चेंबरमध्ये थोडेच काटे ठेवायला लागलो. लगेच काटे नापास व्हायला लागले. मग आतल्या सेन्सरवर लेप चढवला, झाकणाला रबर घातलं, आणि दसऱ्याच्या आत माल सुधारला. कारण काय होतं, ते कुणीच विचारलं नाही. मालकांनी माझी पाठ थोपटली.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असायची, घरचे लोक यायचे. त्या वर्षी चेंबरलाही झेंडूचं तोरण बांधलं होतं. बायको जांभळी साडी नेसून आली होती. तिने चेंबरच्या दाराला हळदकुंकू लावलं आणि काचेतून आत डोकावली, वात कुठे असते ते बघायला. मालक प्रसादाचे द्रोण वाटत होते. तिला बघून मोठ्याने म्हणाले, "वहिनी, तुमच्या तुपाच्या वातीने आमचे काटे नाचवले की हो."

सगळे हसले. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटत होतं की हे मी तिला घरी सांगितलं असेल आणि आम्ही दोघं त्यावर हसलो असू. बायकोही हसली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी द्रोणातला शिरा खात होतो. कोपऱ्यात इंजिनियर मुलगी उभी होती. ती हसली नाही. दिवाळीनंतर तिने नोकरी सोडली.

घरी यायला मी आणि बायको रिक्षात बसलो. भांडुप संपून मुलुंड आलं तेव्हा तिने विचारलं, "मी तुपाचा हात लावलेला काय हो?"

मला सत्य माहीत होतं. रिक्षावाला सोडला तर तिथे तिसरं कुणी नव्हतं. मालकांसमोर नसेल जमलं, पण इथे तर नुसतं नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग तुम्ही तसं का सांगितलंत? मी म्हटलं, "लागला असेल गं एखाद्या वेळी. मनाला लावून घेऊ नकोस."

ती म्हणाली, "असेल. माका आठवत नाय."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. रागावली असती, रडली असती तर मी कदाचित कबूल केलं असतं. तिने आपल्याच आठवणीवर शंका घेतली आणि माझं खरं मानलं.

त्यानंतर तिने वाती करणं सोडलं. मशीनच्या तर बंद झाल्याच होत्या, पण देवाच्याही. त्या वर्षी दिवाळीला तिने स्टेशनजवळच्या दुकानातून वातींचं पाकीट आणलं. पुढच्या श्रावणात शेजारची बाई वाती मागायला आली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. बायको तिला म्हणाली, माझा हात आता चांगला नाही हो. शेजारणीला वाटलं संधिवात झाला. तिने तेल सुचवलं. मी पेपरचं पान उलटलं.

त्या ताटात आम्ही जेवायला लागलो. ठिपक्याचा काही उपयोग राहिला नव्हता.

मुलीने त्या वेळी मला विचारलं होतं, आई वाती का करत नाही? मी तिला ही गोष्ट हसत हसत सांगितली, काटे नाचल्याची. गोष्ट मजेदार होती, म्हणून टिकली. नंतर लग्नकार्यात, सहलीत कुणी ना कुणी ती काढायचं. बायको समोर बसलेली असायची. सुरुवातीला ती पदराशी चाळा करायची. मग स्वतःच सांगायला लागली, पोरांनो, माझ्या तुपाने कंपनी बुडत होती. हे ऐकताना मला काय व्हायचं ते लिहून उपयोग नाही, कारण मी ऐकत राहिलो.

शेवटच्या आजारात ती बरेच महिने अंथरुणावर होती. दुपारी मी शेजारी बसायचो. कधी कधी ती अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायची, वात वळताना घासतात तसं. डॉक्टर म्हणाले, अशा दुखण्यात हातांना अशी सवय लागते. एका दुपारी तिने बोटं डोळ्यांसमोर धरली आणि खूप वेळ बघत राहिली. तेव्हा मी सांगू शकलो असतो. मी विचारलं, पाणी हवंय का? ती हो म्हणाली. मी पाणी आणायला गेलो.

वर्षश्राद्धाचे पाहुणे गेल्यावर मी मुलीला स्वयंपाकघरात गाठलं आणि हे सगळं सांगितलं. ती ओटा पुसत होती. पुसतच राहिली. मला वाटलं ती रडेल किंवा मला काहीतरी बोलेल. शेवटी फडकं पिळून ती म्हणाली, "मला कशाला सांगताय बाबा? तुपाचा आळ तुम्ही माझ्यावर थोडाच घेतला होता." आणि दिवा लावायला आत गेली.

दोन आठवडे तिचा फोन नव्हता. सोमवारी आला. औषधं घेतलीत का, डॉक्टरकडे कधी जाताय, असं नेहमीचं विचारून झालं. मग म्हणाली, "ती गोष्ट मी मुलांना खोटी सांगितली. आता खरी तुम्ही सांगायची. या रविवारी या. मी सांगणार नाही."

मी हो म्हटलं. तेव्हापासून मी तयारी करतोय. मुलांना चेंबर माहीत नाही, वात कशाला लागते ते माहीत नाही. एक कागद घेऊन मी कपाट काढलं, त्यात पंखा, दोन थर्मामीटर, वारा कुठून कुठे जातो त्याचे बाण. ओला रुमाल टेबलफॅनसमोर धरून दाखवीन, म्हणजे थंडावा त्यांना हाताला कळेल. रुमाल वह्यांच्या गठ्ठ्यामागे धरला की वारा लागत नाही, हेही दाखवीन. ते ताट समोर ठेवायला सांगीन. आजी कोपरापर्यंत हात कसे धुवायची ते सांगीन. सेक्रेटरीशी झालेलं भांडणही सांगीन, लिफ्टचं मोजमापही, आणि रिक्षातलं बोलणंही.

नात चौथीत आहे. सगळं नीट ऐकून घेते आणि मग एकच प्रश्न विचारते. ती विचारणार, आजोबा, मग रिक्षात आजीला ‘नाही’ असं का सांगितलं नाहीत? कागदावर बाण काढून झाले आहेत. या प्रश्नापाशी मी चार दिवस अडलोय, आणि रविवार उद्यावर आला आहे.